तेरा दिवसांचा उशीर

"दहा दिवसांच्या कामाला तेवीस दिवस कसे लागतील, बोरकर?" हेमांगी फोनवर चौथ्यांदा ओरडली. पुलाच्या तुळया बसवण्याचं वेळापत्रक आजच द्यायचं होतं आणि सॉफ्टवेअर हट्टाला पेटलं होतं. तिने रविवार तपासले, सणांच्या सुट्ट्या तपासल्या, दोन कामांमधलं अंतर शून्य केलं. तेवीसचा आकडा काही हलेना.

"मॅडम, बारा तारखेपासून तुमच्याच नावावर तेरा दिवसांची रजा आहे," सॉफ्टवेअर सांभाळणारे बोरकर म्हणाले.

"मी रजा टाकलेलीच नाही! डोकं फिरवू नका."

"तुम्ही नाही, सॉफ्टवेअरने टाकलीये." बोरकरांचा आवाज खाली आला. "यंदापासून ते आपल्या घरच्यांच्याही मनगटावरचे पट्टे वाचतं. नाडी, रक्तदाब, सगळं. त्यावरून पुढचा अंदाज बांधतं."

हेमांगीच्या घरी तिचे वडील, अण्णा, एवढेच होते. सकाळी ते "आज लवकर ये गं" म्हणाले, तेव्हा ती खेकसली होती, "आधी पुलाचं होऊ दे!"

तिने ती रजा पुसली. ती परत उमटली. पुन्हा पुसली, पुन्हा उमटली.

मग तिने स्वतः एक रजा टाकली. आजपासून अकरा तारखेपर्यंत.

अर्ध्या दिवसाच्या रजेलाही कारण विचारणाऱ्या सॉफ्टवेअरने या वेळी काहीच विचारलं नाही.