अर्धा टक्का

नमुन्याची बाटली टेबलावर ठेवून प्रयोगशाळेतल्या बाई चष्मा आणायला गेल्या. तेवढ्यात नव्या साहेबांनी अर्धी बाटली सिंकमध्ये ओतली आणि नळाखाली धरून पुन्हा काठोकाठ भरली.

जलशुद्धीकरण केंद्रात येऊन त्यांना आठवडा झाला होता. शहराच्या पाण्यात सोडायचं क्लोरीनचं द्रावण किती तीव्र आहे, हे बाई रोज मोजत. रजिस्टरात दोन महिने एकच आकडा होता, एक टक्का. द्रावण मी रोज सारखंच बनवते, असं बाईंचं म्हणणं. साहेबांना ते पटेना. मोजमाप म्हटलं की थोडं इकडेतिकडे होणारच. इथे कुठेतरी पाणी मुरतंय, बाई न मोजताच आकडा ठोकून देतात, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

बाई परतल्या. साहेबांनी वर्तमानपत्र उघडलं, पण नजर बाईंच्या हातांवर.

बाईंनी ब्युरेटच्या काचनळीतून रसायन थेंब थेंब सोडलं. फ्लास्कमधला निळा रंग रोजच्यापेक्षा निम्म्या थेंबांतच उडाला. त्या थबकल्या. दुसरा फ्लास्क घेतला, पुन्हा तेच. कागदावर गणित मांडलं, खोडलं, परत मांडलं. अर्धा टक्का.

साहेबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. बाईंनी मोजलं खरं, पण रजिस्टरात काय चढवतात ते त्यांना बघायचं होतं.

बाईंनी रजिस्टर उघडलंच नाही. पंपघरातल्या काकांना फोन लावला.

"काका, द्रावण निम्म्यावर आलंय. डोस दुप्पट करा, लगेच."

साहेब ताडकन उठले. "थांबवा त्यांना. द्रावण बरोबर आहे. बाटलीत पाणी मी घातलं."

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग मी सांगेपर्यंत डोसला हात लावू नका, असं काकांना बजावून फोन ठेवला. बाटली रिकामी केली, तीनदा विसळली आणि नवा नमुना घ्यायला द्रावणाच्या टाकीकडे निघाल्या.

साहेब मागोमाग गेले. आपण फक्त खात्री करून घेत होतो, असं काहीबाही सांगत राहिले.

"एक टक्काच आहे हो ते. परत कशाला मोजता?"

"मग काय, तुम्ही म्हणता म्हणून लिहू, साहेब?"

टाकीचा जिना उभा होता. बाटली धरायला साहेबांनी हात पुढे केला. बाईंनी ती दुसऱ्या हातात घेतली आणि कठडा धरून वर चढू लागल्या.