दादाचा माणूस

“कुठल्या गाढवानं केलंय हे काम?” बेसिनखाली डोकं घातलेल्या प्लंबरनं विचारलं.

दादा मोठ्यानं हसला. त्याची बहीण टॉर्च धरून उभी होती. टॉर्चचा उजेड हलला नाही.

“गळतंय का तिथं?” तिनं विचारलं.

प्लंबरनं सांध्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि उत्तर दादाला दिलं. “आत्ता नाही गळत, साहेब. पण आतली लाईनच कुजलेली असणार. त्याशिवाय खालच्यांच्या छतातून पाणी येणार नाही. भिंत फोडावी लागेल.” त्यानं टाइल्सवर पेन्सिलीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. “आठ-पंधरा दिवस पाणी बंद ठेवायचं.”

“झालं तर मग,” दादा तिला म्हणाला. “तू आजच चल माझ्याकडे. वरची खोली रंगवून घेतलीय. पुढचं पुढे बघू. इथं भाडेकरू ठेवता येईल. एकटीनं किती दिवस हा गाडा ओढणार?”

पुढचं पुढे बघू म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. त्या खोलीत तिच्यासाठी पलंग आला होता, पडदे आले होते. किल्ली मात्र वहिनीच्या जुडग्यात होती.

“आणि माणूस भरवशाचा आहे,” दादानं प्लंबरच्या पाठीवर थाप मारली. “माझ्या घरचं सगळं हाच बघतो. माझ्या शब्दाबाहेर जात नाही.”

“तेच बघतेय मी मघापासून,” ती म्हणाली.

बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू हातात पांढरी वाटी घेऊन थेट बाथरूमपर्यंत आल्या. “घे बाई, तुझं सरबत. टपटप चाललंय वरून. टॉवेल रंगला माझा.”

वाटीत गुलाबी पाणी होतं.

तिनं वाटी बेसिनच्या कडेवर ठेवली. “बाथरूमचा कॉक कालपासून बंद आहे. भिंतीतल्या पाइपात दाबच नाही. आज सकाळी मी खायचा लाल रंग कालवून एक बादली पाणी या जमिनीतल्या जाळीत ओतलं. तेच खाली उतरलंय. गळती जाळीखाली आहे. भिंतीत नाही.”

“पोरखेळ सगळा,” दादा म्हणाला. “आता तू शिकवणार याला?”

प्लंबर वाटीकडे बघत राहिला. मग उकिडवा बसून त्यानं जाळीच्या कडेनं नख फिरवलं. सिमेंटचा पापुद्रा सुटून वर आला. त्यानं तो बोटांत चुरला. त्याला कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे तिला दिसलं.

“काय रे?” दादानं विचारलं.

प्लंबर उठला. हात पँटला पुसले. “साहेब म्हणतील तसं.”

“बेसिनखालचं काम मी केलंय,” ती म्हणाली. “तो गाढव मी. या टाइल्स बसायच्या आधीपासून तो सांधा कोरडा आहे. जाळीखालचं माझ्या हातानं होणार नाही, नाहीतर तेही केलं असतं. मला प्लंबर हवाय, दादा. तुझा माणूस नकोय.”

काकूंनी उगाचच वाटी उचलून हातात धरली.

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं? उद्या रस्त्यावरचा कुणीतरी येऊन टोपी घालून जाईल!”

“घालू दे. डोकं माझं, घर माझं. टोपी बसली तरी इथंच बसेल.”

दादानं चपला घातल्या. प्लंबर त्याच्या मागोमाग निघाला. त्यांची पावलं जिन्यात वाजत होती तोवरच तिनं ओलं फडकं घेऊन टाइल्सवरची पेन्सिलीची रेघ पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात तोच प्लंबर होता, एकटा. खांद्याला हत्यारांची पिशवी, काखेत कागदात गुंडाळलेला नवा ट्रॅप, जाळीखालचा वाकडा पाइप.

“जाळीपुरतंच खणतो, ताई. हा खाली बसवला की झालं. भिंतीला हात लावायला नको.”

“दादानं पाठवलं?”

“नाही.” त्यानं जिन्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “त्यांच्या कानावर घालू नका एवढं. बारा महिन्यांचं गिऱ्हाईक आहे.”

“मग राहू द्या.” तिनं दार लोटायला घेतलं.

“अहो ताई, काम चोख करीन!”

“कराल. पण ते जमिनीखाली करणार. वरून सिमेंट बसलं की आत काय आहे ते मला दिसायचं नाही. तुमच्या शब्दावरच राहायचं मी. आणि काल, वाटी समोर असताना, तुमच्या तोंडून तो शब्द निघाला नाही.”

तो तिथंच उभा राहिला. ट्रॅप या काखेतून त्या काखेत घेतला. मग खिशातून फोन काढला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली.

“साहेब, मी बोलतोय. आज तुमच्याकडे यायला उशीर होईल... ताईंच्या दारात आहे... नाही, भिंत फोडायची नाही. गरज नाही. मला कालच कळलं होतं.”

दादाचा आवाज फोनमधून बाहेर आला आणि जिनाभर पसरला. समोरचं एक दार किलकिलं झालं. प्लंबरनं फोन कानापासून थोडा लांब धरला, पण बंद केला नाही.

“हो साहेब,” तो म्हणाला. “कालच बोलायला हवं होतं.”

ती दारातून बाजूला झाली आणि दारामागच्या फळीवरचा टॉर्च उचलून तिनं त्याच्या हातात दिला.