दाढेची रिकामी जागा

काळुरामशेठ पुन्हा पाणी प्यायला लागला तेव्हा त्याच्या लेकीनं, कृतिकानं, त्याच्या हातातून बाटलीच काढून घेतली.

"परत बाथरूमला जायचं म्हणशील. गप बस ना बाबा."

"गपच हाय मी," काळुराम म्हणाला. पण ठाण्याच्या त्या थंडगार दवाखान्यातही सदरा पाठीला चिकटला होता.

हा तोच काळुराम, जो नुसता खाकरला तरी दिवा गावातले त्याचे भाडेकरू टीव्हीचा आवाज कमी करत. जमिनीच्या भांडणात समोरच्यानं कोयता उगारला तरी तो जागचा हलला नव्हता. आता एका स्क्रूनं त्याची झोप उडवली होती.

गेल्या महिन्यात त्यानं अक्कलदाढ काढून घेतली, तीही स्वतःच्याच बिल्डिंगमध्ये. खालच्या गाळ्यात विनीत नावाच्या तरुण डॉक्टरचा दातांचा दवाखाना होता. खुर्चीत बसल्या बसल्या काळुरामनं आ केला आणि बोट लावून दाढ दाखवली.

"शेवटची. हीच ठणकते. काढ."

"शेठ, आधी एक्स-रे काढू या," विनीत म्हणाला होता.

"फोटो कशाला? साखरपुडा हाय काय माझा? सगल्यात शेवटची ती अक्कलदाढ, एवढं मना कलतं. काढ बोललो ना!"

विनीतनं काढली. गाळ्याच्या मालकाशी कोण हुज्जत घालणार?

दाढ गेली आणि घरात नवीच भुणभुण सुरू झाली. त्याची बायको आवडाबाई म्हणाली, जागा मोकळी राहिली तर बाकीचे दात कलंडतात, तोंड वाकडं होतं. तिच्या भावानं तर जेवताना मोबाइलवर व्हिडिओच दाखवला. हिरडी कापायची, जबड्याच्या हाडात स्क्रू पिळायचा आणि त्यावर नवी दाढ बसवायची. काळुराम भरल्या ताटावरून उठला. तेव्हापासून शेजारी कुणी भिंतीत ड्रिल चालवलं तरी तो गाल धरून आतल्या खोलीत जाई. दाढेकडे अजून ठणकत होतं, पण जखम भरताना ठणकणारच, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. बोलायची सोय नव्हती. बोललो की स्क्रू पिळतील, ही धास्ती.

शेवटी आज कृतिकानं त्याला ठाण्याला न्यायला गाडीत घातलं. शीळफाट्याला गाड्या तुंबल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच काळुरामला ट्रॅफिक आवडलं.

आतून नाव पुकारलं गेलं. हेमा डॉक्टर वयस्कर होत्या, आवाज मऊ. त्यांनी काळुरामला खुर्चीत बसवलं. त्यानं दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली आणि तोंड घट्ट मिटलं.

कृतिकाच बोलली. "बाबांची अक्कलदाढ काढलीय, डॉक्टर. तिथे दुसरी बसवायला लागेल का?"

"अक्कलदाढेच्या जागी?" डॉक्टर हसल्या. "छे हो! तिथे काही बसवत नाहीत. चावायला तिचा फारसा उपयोगच नसतो."

काळुरामनं तोंड उघडलं. "स्क्रू नाय?"

"नाही."

"तोंड वाकडं?"

"मुळीच नाही होत. निश्चिंत राहा."

काळुरामचे डोळे भरून आले. लाज न बाळगता त्यानं ते सदऱ्याच्या बाहीला पुसले आणि तिथूनच घरी फोन लावला.

"आवडे, कोंबडा काप! आणि सांग तुझ्या भावाला, स्क्रू ठेव म्हणावं तुझ्याच घरात!"

कृतिकानं डोक्याला हात लावला. डॉक्टरांनाही हसू आवरेना.

"आता आलाच आहात तर एक एक्स-रे काढू या," त्या म्हणाल्या. "जखम आतून नीट भरलीय ना, तेवढं बघते."

"काढा ना! हवे तर दोन काढा." भीती गेल्यावर माणूस असा उदार होतो.

थोड्या वेळानं समोरच्या पडद्यावर त्याचा जबडा उमटला. डॉक्टर पुढे झुकल्या. त्यांनी जबड्याचा मागचा कोपरा मोठा करून पाहिला. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "शेठ, अजून ठणकतंय ना?"

काळुरामनं मान डोलावली. त्याचे हात पुन्हा खुर्चीकडे गेले.

"तुमची अक्कलदाढ अजून आतच आहे, हिरडीखाली आडवी. काढलीय ती तिच्या पुढची, चांगली दाढ. आणि तिच्या जागी मात्र स्क्रू लागेल."