मानधन

"माझ्या आजाराला तिकीट लावणार तुम्ही?" शकीला कडाडली. आमची ही जुनी कॅप्टन डायलिसिसवर होती, पण आवाज तसाच होता. तिच्या उपचारांसाठी आम्ही चाळिशी ओलांडलेल्या मैत्रिणी दोन संघ करून कबड्डीचा सामना खेळणार होतो.

"फुकटचं मी घेत नसते," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पंच म्हणून उभी राहीन. मानधन द्या."

रविवारी मिरजेतलं मैदान भरून गेलं. तिच्यासाठी ठेवलेल्या खुर्चीत शकीला एकदाही बसली नाही. गुण बरोबरीत असताना शेवटची चढाई माझ्याकडे आली. एकीला शिवून मी मध्यरेषेवर झेप घेतली. लोक नाचू लागले, तोच शकीलानं माझ्याकडे हात केला.

"बाद! रेषेआधीच दम तुटला."

"अगं, तुझ्यासाठीच खेळतेय ना मी?"

"म्हणून खोटं बोलू?"

आम्ही हरलो. सगळं मैदान उभं राहून तिच्यासाठी टाळ्या वाजवत होतं, आणि सगळ्यांत जोरात मी. जमलेल्या पैशांचं पाकीट तिनं ताठ मानेनं घेतलं आणि माझ्या खांद्यावर थाप मारली.

"पुढच्या वर्षी जरा सराव करून ये. पंच मीच असणार आहे."