पिंजरे काढल्यावर

"पिंजरे काढलेस तरी तो आवाज जाणार नाही," वेन्डलनं बजावलं होतं. "लोखंडाचा आवाज आहे, पोरी. कानात घर करतो. माझ्या बापाच्या कानात मरेपर्यंत होता."

ब्रेना तेव्हा हसली होती. नव्या कायद्याचा विषय निघाला की सासरा काहीतरी अभद्र बोलणारच, हे ती धरूनच चालली होती.

कायदा त्यांच्या आयोवा राज्याचा नव्हताच. ज्या डुकरिणीला जागच्या जागी वळताही येत नाही, तिच्या पिलांचं मांस आपल्याकडे विकायचं नाही, असं दूर कॅलिफोर्नियानं ठरवलं होतं. ज्यांनी डुक्कर फक्त ताटात पाहिलंय ते आता आपल्याला डुकरं पाळायला शिकवणार, असं वेन्डल चर्च सुटल्यावरच्या कॉफीला सगळ्यांना ऐकवायचा. पण त्यांचा माल त्याच बाजारात जात होता. लोखंडी पिंजरे निघाले, मोठे मोकळे कप्पे आले.

यामागे खरी ब्रेनाच लागली होती. पशुविज्ञानाची पदवी तिची. लग्न होऊन आली त्या आठवड्यात तिनं शेडमध्ये ओळीनं पिंजऱ्यांत उभ्या गाभण डुकरिणी पाहिल्या होत्या. समोरची दांडी तोंडात धरून मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. दात लोखंडावर घासल्याचा तो करकर आवाज. डोळे उघडे, पण बघत कुठंच नव्हत्या.

वेन्डलनं पिंजऱ्यांचे लोखंडी नळ भंगारात जाऊ दिले नाहीत. शेतावर काहीच वाया जात नाही. त्यातून अंगणाचं फाटक झालं, मागच्या पायऱ्यांना कठडा झाला, एल्सीच्या खाटेच्या बाजू उंच झाल्या.

एल्सीला, ब्रेनाच्या लेकीला, नुकतंच वर्ष झालं होतं. पलीकडच्या शेतावरचं पोर मैल्याच्या खड्ड्यात पडून गेलं, तेव्हापासून ब्रेनाला जिकडेतिकडे धोकाच दिसायचा. शेत म्हणजे नुसते सापळे. ट्रॅक्टर, खड्डा, जिना, औषधाचे डबे. ती सारखी यादी करायची आणि एकेक बंद करायची. ती कामावर असली की एल्सी वरच्या खोलीत, उंच बाजूंच्या खाटेत. बाळ काय करतंय ते ऐकवणारं छोटं यंत्र तिच्या पट्ट्याला कायम अडकवलेलं असे. त्यातून खोलीतल्या पंख्याची घरघर आली की तिचा श्वास नीट चाले. चर्चमधल्या बायका म्हणायच्या, नशीबवान आहेस, इतकं शांत मूल कुणाचं नाही.

आवाज पहिल्यांदा आला तेव्हा बर्फ वितळत होतं. खाद्याच्या कोठीपाशी ती पावडी घेऊन चिखल ओढत होती. करकर. थांबून पुन्हा करकर.

ती शेडकडे धावली. पण तिथं धावत आत जाता येत नाही. रोग आत जाऊ नये म्हणून दारातच सगळं उतरवायचं, कपडे, घड्याळ, अंगठी, पट्टा, जे असेल ते बाहेरच्या फळीवर. मग डोक्यावरून अंघोळ, आतले कपडे, आणि मगच डुकरं. ती आत पोचली तेव्हा डुकरिणी गवतावर पसरून घोरत होत्या. आवाज नव्हता.

असं पुन्हापुन्हा झालं. आवाज अंगणात यायचा, शेडमध्ये गेलं की बंद. घरी येऊन एल्सीला कडेवर घेतलं की तिथंही शांत, म्हणून तिला घरच बरं वाटे.

तिनं नवऱ्याला सांगितलं. गॅरिट म्हणाला, तुझी झोप होत नाहीये. वेन्डल नुसता तिच्याकडे बघत राहिला. त्या बघण्यानं तिच्या मनात शंका शिरली. मागच्या जुन्या शेडला अलीकडे कुलूप होतं. म्हातारा हट्टी. चार-सहा डुकरिणी जुन्या पद्धतीनं ठेवल्या असतील तर? आणि तिनं नव्या कायद्याच्या तपासनीस लॉरेटाबाईंना तोंडावर सांगितलं होतं, आमच्याकडे आता एकही जीव कोंडलेला नाही.

तिनं लॉरेटाबाईंना फोन केला.

"काही सापडलं तर कॅलिफोर्नियाचं गिऱ्हाईक गेलं," गॅरिट म्हणाला. "शेत जाईल, ब्रेना. एका आवाजापायी?"

"कुणीतरी कोंडलेलं आहे, गॅरिट. मी ऐकून गप्प बसू?"

लॉरेटा आली. बोलायला मोजकी, चालायला सावकाश. वेन्डलनं न मागता किल्ल्या तिच्या हातात दिल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन बसला. ती एकेक शेड अंघोळ करून बघून आली. जुन्या शेडमध्ये मोडका नांगर आणि मांजरीची पिलं निघाली. डुकरिणी फिरत होत्या, वळत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या. इतकं नीट ठेवलेलं शेत या भागात दुसरं नाही, असं ती अंगणात येऊन म्हणाली.

ब्रेनाचे कान तापले. वेन्डलची माफी कशी मागावी, याची ती मनात जुळवाजुळव करत होती.

करकर.

लॉरेटा बोलता बोलता थांबली. ब्रेनानं तिचा हात धरला. "तुम्हालाही येतोय ना?"

"येतोय," लॉरेटा म्हणाली. "दांडी चावतेय." पण ती शेडकडे वळली नाही. ती ब्रेनाच्या कमरेच्या पट्ट्याकडे बघत होती. मग ती घरात शिरली आणि जिना चढू लागली; ब्रेना तिच्यामागे गेली.

वरच्या खोलीत पंखा चालू होता. एल्सी खाटेत उभी होती. खाटेचा वरचा लोखंडी नळ तोंडात धरून ती मान डावीकडून उजवीकडे नेत होती, उजवीकडून डावीकडे. ब्रेनानं तिला नावानं हाक मारली, मग आणखी एकदा. एल्सीचे डोळे उघडे होते.

तुमच्याही घरात एखादं फार शांत मूल असेल, तर हे वाचणं आत्ता बाजूला ठेवा आणि त्याला बघून या.