दहा तासांची तबकडी

क्रांती समितीचा बोनिफास घड्याळासमोर वाकला आणि हसला. "नागरिक आन्सेल्म, याची तर सगळी हाडं मोजता येतात."

"पॅरिसात सध्या कोणाची येत नाहीत?" म्हातारा घड्याळजी म्हणाला.

घड्याळाला पेटी नव्हती. आन्सेल्मने पितळ कोरून कोरून इतकं कमी केलं होतं, की सगळी चाकं उघड्यावर फिरायची. पुढे कड्यासारखी पांढरी, भट्टीत भाजलेल्या काचेसारख्या मिन्याची तबकडी, आणि तिच्यावर क्रांतीच्या नव्या कायद्याप्रमाणे दिवसाचे दहा तास.

कोपऱ्यात मार्गो बसली होती. तिचा नवरा लिओनार तबकड्या रंगवायचा. राजवाड्यासाठीही रंगवल्या होत्या, म्हणून उन्हाळ्यापासून तुरुंगात होता. उद्या त्याचा निकाल. आन्सेल्मने समितीला गळ घातली होती, की दहा तासांची तबकडी लिओनारशिवाय कोणाला जमायची नाही, त्याला सोडा. आज समितीचा माणूस येणार, त्याला अर्धवट घड्याळ कसं दाखवायचं, म्हणून त्याने आणि मार्गोने ते पूर्ण करून ठेवलं. कारागिरांचं डोकं.

"सुरेख," बोनिफास म्हणाला. "तबकडी कोणाची?"

आपली चूक आन्सेल्मच्या आत्ता लक्षात आली. "लिओनारचीच. आधी केलेली."

"कायदा झाला तेव्हा तो आत होता."

आन्सेल्म फडक्याने पितळ पुसू लागला.

"मी केली," मार्गो म्हणाली. "लग्न झाल्यापासून त्याच्या शेजारी बसून रंग घोटतेय."

"मग तो कशाला हवा? तू आहेस की." बोनिफासला खरंच कौतुक वाटत होतं.

"बिघडलीय ती. सातच्या आकड्याचा पाय बघ, लुळा पडलाय. काळा रंग भट्टीत फुगलाय."

बोनिफासने नाक टेकेपर्यंत वाकून पाहिलं. "मला तर काही दिसत नाही, बाई."

आन्सेल्मलाही दिसत नव्हतं. इतकी नितळ तबकडी लिओनारच्या हातून कधी उतरली नव्हती, आणि मार्गोला ते ठाऊक होतं.

ती उठून टेबलापलीकडे गेली. लहान हातोडी उचलली आणि हात पुढे घालून सातवर टिचकीएवढा घाव घातला. मिन्यावर केसासारखी रेघ धावत गेली, थेट दहापर्यंत.

"आता दिसतंय?"

बोनिफासने रेघेवरून नजर उचलली. घड्याळ चालूच होतं. उघड्या चाकांच्या आरपार त्याला तिचा हात दिसत होता. हातोडी धरलेला तो हात तिने दुसऱ्या हाताने घट्ट दाबून ठेवला होता.