आपलं सामान

आप्पांनी पुठ्ठ्याच्या खोक्यात आधी हात घातला, मग डोकं घातलं आणि आतूनच दुकानदाराला विचारलं, "ओझ्यानं बूड फाटणार नाही ना याचं?"

"पाच थरांचं आहे, काका. तुम्ही स्वतः आत बसलात तरी फाटायचं नाही."

"मला नाही बसायचं. माझी पुस्तकं बसवायचीत."

मुलगा सुतळीच्या बंडलांपाशी भिंतीला टेकून उभा होता. आठवडाभर दिवसा ऑफिस आणि संध्याकाळी आवराआवर चालली होती. माळे रिकामे करून करून त्याची कंबर धरली होती आणि नखांत धूळ बसली होती. पण खरा शीण त्याचा नव्हता. नवीन घर लहान होतं. आप्पांनी ताईकडे राहायचं, असं त्यानं, त्याच्या बायकोनं आणि ताईनं फोनवर ठरवून टाकलं होतं. फक्त आप्पांना सांगायचं राहिलं होतं, आणि ते काम अर्थातच त्याच्या गळ्यात पडलं होतं. आज सांगू, उद्या सांगू म्हणत घोंगडं भिजत पडलं, आणि तोवर बोलणं म्हणजे तारेवरची कसरत होऊन बसली. 'आपण जाणार' म्हणावं तर खोटं, 'आम्ही जाणार' म्हणायला जीभ उचलत नव्हती. मग 'सामान न्यायचंय', 'शनिवारी टेम्पो येईल', 'जिना अरुंद आहे'. अख्ख्या आठवड्यात त्याच्या बोलण्यात माणूस म्हणून उरला नव्हता. टेम्पोच काय तो येत होता नि जात होता.

आप्पांना मात्र दुकान फार आवडलं होतं. "घर पाहावं बांधून, म्हणतात ना?" ते दुकानदाराला सांगत होते. "मी म्हणतो, घर पाहावं हलवून. बांधताना कळतं आपल्याकडे काय नाही. हलवताना कळतं काय काय आहे!"

दुकानदार मनापासून हसला. हसणारा माणूस भेटला की आप्पांना आणखी चेव येई. त्यांनी बबल रॅपचा एक फुगा अंगठ्यानं फोडून पाहिला, आणि तो फुटल्यावर खूश झाले. "हे लागेल. आपल्याकडे दोन आरसे आहेत. शिवाय हिचं शिवणयंत्र, म्हणजे याच्या आईचं," त्यांनी मुलाकडे बोट करून सुधारलं, "ते आपण पुठ्ठ्यात नाही घालायचं. त्याला जुन्या रजईत गुंडाळू आपण."

प्रत्येक 'आपण' मुलाला टोचत होता. दुकानातून बाहेर पडलो की सांगायचं, त्यानं ठरवलं. कालही त्यानं असंच काहीतरी ठरवलं होतं.

तेवढ्यात आप्पांना कोपऱ्यात एक पुरुषभर उंचीचं खोकं दिसलं. ते त्यांनी दोन्ही हातांनी ओढत आणलं आणि घडी उलगडून उभं केलं. "हे बघ, हे बघ. माझी आरामखुर्ची यात उभीच्या उभी जाईल. एक ओरखडा उठणार नाही. तिकडे गेलं की खिडकीपाशी टाकू."

"अहो आप्पा, आमच्याकडे कुठे आहे एवढी जागा!"

तो थकून बोलला होता, रागावून नव्हे. शब्द निसटला तेव्हा त्याला कळलंही नाही. कळलं ते आप्पांचे हात खोक्यावर थांबले तेव्हा.

"आपल्याकडे," तो घाईघाईनं म्हणाला. "आपल्याकडे म्हणायचं होतं मला."

"कळलं," आप्पा म्हणाले.

त्यांनी खोकं आडवं केलं. चारी बाजू दुमडून ते पुन्हा सपाट केलं आणि होतं तिथे भिंतीला लावून ठेवलं. मग पाठमोरेच त्यांनी विचारलं, "ताईकडे का?"

"हो."

"तिला विचारलंयस?"

"हो, आप्पा. विचारलंय."

"बरं केलंस. विचारलेलं बरं असतं."

मुलाला लाज वाटली. त्या लाजेखालून एकदम सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याची त्याला जास्तच लाज वाटली. काहीतरी बोलायला हवं होतं. 'थोडेच दिवस' म्हणता आलं असतं, 'मोठं घर मिळालं की' म्हणता आलं असतं. पण तो इतका दमला होता की नवीन खोटं रचायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

आप्पा वळले तेव्हा त्यांचा चेहरा नेहमीसारखा होता. "तुम्ही मधल्या मापाची खोकी घ्या," ते म्हणाले. "मोठी तुम्हाला जिन्यात अडकतील. आणि तुमच्या काचेच्या भांड्यांना हे रॅप पुरेल."

सगळं बरोबर होतं. फक्त दुकानात शिरताना जे आपलं होतं ते आता तुमचं झालं होतं.

दुकानदारानं खोक्यांचा गठ्ठा बांधला, रॅपची गुंडाळी वर ठेवली, आणि टेपांच्या फळीकडे हात नेला. "सामान सगळं एकाच घरी जातंय ना? नाही, दोन ठिकाणी जाणार असेल तर एक टेप वेगळ्या रंगाची न्या. हमाल खोक्यावरचं वाचत बसत नाहीत, रंग बघून उचलतात. मागाहून घोळ नको."

मुलगा पाकीट काढून नोटा मोजू लागला.

"एक वेगळी द्या," आप्पा म्हणाले.

"कुठल्या रंगाची देऊ, काका? लाल आहे, हिरवी आहे, निळी आहे."

आप्पांनी फळीकडे पाहिलंही नाही.

"कुठलीही द्या. वेगळी दिसली म्हणजे झालं."